घुमट केवढ्याला पडतो ते सांगतो, आधी किल्ली कुणाकडं राहणार ते सांगा

सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, आणि गॅदरिंगच्या भाषणात "पुढच्या वर्षी आपल्या शाळेत वेधशाळा" असं जाहीर करून बसलेले सगळे, यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या दीड महिन्यात मला सहा फोन आले. चार शाळा, एक ज्युनिअर कॉलेज, एक आश्रमशाळा. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, घुमट केवढ्याला पडतो? खांब कुठं घ्यायचा हे कुणी विचारलं नाही, दुर्बीण कुठली घ्यायची हे एकानं विचारलं, आणि रात्री तिथं कोण असणार हे तर मीच विचारलं तेव्हा समोरनं जी शांतता झाली ना, मला वाटलं रेंज गेली. म्हणून म्हटलं प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकू, ज्याला पटंल तो घेईल.

माझी ओळख थोडक्यात. मिरजेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, मला धरून पाच माणसं, एक जुना लेथ, एक मिलिंग, वेल्डिंगचा सेट आणि मागच्या बाजूला फायबरचं काम करायला पत्र्याची शेड. हौशी आकाश निरीक्षकांना लागतं ते सगळं बनवतो, म्हणजे दुर्बिणीखालचा खांब, खांबावरचं माउंट (दुर्बीण धरून फिरवणारी बैठक), सरकतं छप्पर, फायबरचा घुमट, तो फिरवायची मोटर. काच सोडून सगळं, असं मी सांगतो. आता आपल्याकडं वेधशाळा म्हटलं की लोकांना कुलाबा आठवतं, त्यामुळं वेधशाळेचं सामान बनवतो म्हटलं की तासगावकडचे आमचे द्राक्षवाले पाव्हणे छाटणी कधी घेऊ, पाऊस आहे का, असं विचारतात. वीस वर्षं झाली, अजून विचारतात.

तर घुमट. एका संस्थेचं सांगतो, नाव सांगत नाही, जिल्हा पण नाही सांगत. तीन मजली इमारत, गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून तीन मीटर व्यासाचा पांढरा घुमट पाहिजे होता. टाकीला लागून का, तर रस्त्यावरनं ती बाजू दिसती. मी बघायला गेलो तेव्हा मला कळत होतं ही जागा चुकीची आहे, पण फेब्रुवारी चालू होता, कामगारांचा पगार द्यायचा होता आणि मी गप्प बसलो. ही माझी चूक आहे आणि हे पत्र लिहिण्यामागं ती पण एक गोष्ट आहे. घुमट बसवला, फीत कापली, पेपरात फोटो आला, मला पण शाल-नारळ मिळाला. दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला बोलावलं म्हणून गेलो. किल्ली सापडायला पाऊण तास गेला, कारण ज्या सरांकडं होती त्यांची बदली झाली होती आणि शिपाईमामा म्हणाले ऑफिसच्या कपाटात असंल, कपाटाची किल्ली क्लार्ककडं, क्लार्क रजेवर. शेवटी कुलूप तोडलं. आत पारव्यांनी घर केलेलं, फरशीवर बोटभर विष्ठा, फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या, नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर, मोटरच्या डब्यात पालीची तीन अंडी, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. दुर्बिणीचं झाकण काढलं तर आठ इंची आरशावर बुरशीची जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली, अल्युमिनियमचा थर खाऊन गेलेली. भिंतीला एक रजिस्टर अडकवलेलं होतं, निरीक्षणाची नोंद. पहिल्या पानावर उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या सह्या आणि अभिप्राय, "स्तुत्य उपक्रम". दुसरं पान कोरं.

तिथं कुणाचा वाईट हेतू होता असं नाही. पैसे खरंच लावलेले होते. फक्त सगळं उलट्या क्रमानं केलं होतं, आधी घुमट, मग त्यात मावंल ती दुर्बीण, मग ती ठेवायला जे काय असंल ते स्टँड, आणि माणूस शेवटी, तो पण नेमलाच नाही. आणि हे मी एकाच ठिकाणी नाही बघितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम उलटा करा. आधी किल्ली कुणाकडं राहणार ते ठरवा. खरंच सांगतो, मी आता कोटेशन द्यायच्या आधी हेच विचारतो आणि त्यामुळं माझी निम्मी कामं गेलीत.

किल्ली म्हणजे काय तर रात्री साडेसात ते दहा तिथं थांबणारा माणूस. आपल्याकडं शाळा पाच-साडेपाचला सुटती आणि पोरं एसटीनं गावाकडं जातात, शेवटची गाडी चुकली तर घरचे बोंब मारतात. विज्ञानाचे सर पण बऱ्याचदा दुसऱ्या गावाहून येऊन-जाऊन करतात. म्हणजे अंधार पडतो तेव्हा शाळेत फक्त वॉचमन असतो. मग वेधशाळा चालणार कशी? म्हणून वसतिगृह असलेल्या शाळांचा फोन आला की मी उड्या मारतो. आपल्या भागात वसतिगृहांची तर केवढी परंपरा, कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काले गावी रयत सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात शाहू बोर्डिंग, तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायला लागली. बोर्डिंगची पोरं रात्री तिथंच असतात, जेवण झालं की मोकळी असतात, आणि सातवी-आठवीचं पोरगं एकदा का दुर्बीण हाताळायला शिकलं की ते मास्तरापेक्षा चांगलं हाताळतं हे मी दहा ठिकाणी बघितलंय. किल्ली त्याच्याकडं द्या. पुढच्या वर्षी तो खालच्या वर्गातल्या एकाला शिकवील.

वसतिगृह नसंल तर सूर्य बघा की, तो शाळेच्या वेळेत असतो. पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडायची किंवा दुर्बिणीच्या तोंडाला, म्हणजे पुढच्या बाजूला, चांगला सोलर फिल्टर लावायचा आणि डाग मोजायचे, रोज चित्र काढायचं. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगात, स्क्रू होणारा काळ्या काचेचा फिल्टर स्वस्त दुर्बिणीबरोबर फुकट येतो तो मात्र हातोडीनं फोडून टाका, तो तापून तडकतो आणि पोराचा डोळा जातो. शून्य सावलीला, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली गायब होती त्या दिवशी, तर नुसती काठी पुरती, आपल्याकडं मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येती. तेव्हा शाळांना सुट्टी असती आणि ऑगस्टमध्ये परत येती तेव्हा ढग असतात, ते सोडा.

आता खांब. मला विचाराल तर सगळ्या वेधशाळेत खांब ही एकच वस्तू अशी आहे जी परत बदलता येत नाही, बाकी सगळं बदलता येतं. शनीची तबकडी आकाशात किती दिसती माहितीये? साधारण १८ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद), चंद्राच्या रुंदीच्या शंभराव्या भागाएवढी. आणि एक मीटर लांबीच्या नळीचं टोक एक मिलिमीटर हललं तर नेम २०६ आर्कसेकंदांनी सरकतो, म्हणजे अकरा शनी शेजारी शेजारी मांडा तेवढा. एक मिलिमीटर! गच्चीवर आठवीची चाळीस पोरं रांगेत उभी आहेत, मागची पुढच्याला ढकलायला लागलीत, स्लॅब ताशासारखा वाजतोय, आणि तुम्ही म्हणता शनी नाचतोय का हो. शनी नाही नाचत, स्लॅब नाचतोय.

आणि गच्चीचा दुसरा त्रास ऊन. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ते सोडत बसतो, तापलेल्या तव्यावरनं पलीकडचं बघितलं तर कसं लवलवतं तसं आकाश लवलवतं. तेव्हा गच्ची नको. मैदानाच्या कोपऱ्यात, मातीवर, आजूबाजूला गवत असंल तर लईच चांगलं. फोटोत नाही दिसणार, मान्य.

खांबाची पद्धत आमची अशी. नदीकाठच्या काळ्या रानात पहिला मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, कारण काळी माती पावसात फुगती आणि उन्हाळ्यात भेगाळती, तिच्यावर उभा केलेला खांब दर वर्षी कलतो. मग तीन फूट बाय तीन फुटाचा काँक्रीटचा ठोकळा, त्यातनं वर आठ इंची लोखंडी पाइप. चार इंची पण उभा राहतो, दिसायला ठीक दिसतो, पण पाइपची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की ताठपणा आठपट होतो, म्हणून आठ. पाइपात कोरडी वाळू भरायची. ही वाळू का ते मिरजेत समजावणं सोपं जातं. आमच्याकडं तंबोरे-सतारी बनवणारी घराणी आहेत, त्यांचा सगळा जीव भोपळा किती वेळ घुमतो यात. मला नेमकं उलटं पाहिजे. रिकाम्या पाइपवर हातोडी मारली की देवळातल्या घंटेसारखा टणणण वाजत राहतो, वाळू भरून मारली की थप्प, संपलं. दुर्बीण विकत घेताना तुम्ही पण हीच परीक्षा घ्या, जास्त पट दाखवणाऱ्या बारीक आयपीसमधनं एक तारा बघा, नळीला हळूच टिचकी मारा आणि मनातल्या मनात मोजा. एक-दोन म्हणेपर्यंत तारा थांबला तर घ्या. पाच-सहापर्यंत गेलात तर चहा पिऊन परत या.

अजून एक, खांब आणि भोवतालची फरशी यांच्यात बोटभर फट ठेवायची असती म्हणजे पोरांच्या पायांची धडधड खांबात जात नाही. ही फट मी आजपर्यंत प्रत्येक गवंड्याला समजावून सांगितली आणि जवळजवळ प्रत्येकानं माझी पाठ वळली की सिमेंट भरून बुजवली. का, तर "साहेब, राहून गेलं होतं, बरं दिसंना." आता मी थर्माकोल घालून ठेवतो आणि शेवटच्या दिवशी स्वतः काढतो.

मग छप्पर. घुमट मी बनवतो, चांगला बनवतो, आणि तरी सांगतो शाळेसाठी घुमट नको. घुमटाला एक फट असती, तीतनं आकाशाची एक पट्टी दिसती. ज्याला फोटोग्राफी करायचीये, एकटाच माणूस आहे, वारा अडवायचाय, बाहेरच्या दिव्याचा उजेड अडवायचाय, त्याला घुमट पाहिजे. पण पोरांना तर सगळं आकाश दाखवायचंय ना, मृग कुठाय, कृत्तिका कुठायत, हे हातानं दाखवायचं आणि मग दुर्बिणीतनं बघायचं. घुमटात चार पोरं उभी राहिली की पाचव्याचं कोपर दुर्बिणीला लागतं. त्यापेक्षा दहा बाय बाराची खोली, भिंती छातीएवढ्या, आणि वर पत्र्याचं छप्पर जे रुळावरनं अख्खं बाजूला सरकतं. त्याला काही परदेशी सामान लागत नाही, बंगल्यांच्या सरकत्या गेटला खोबण असलेली चाकं येतात ती घ्यायची, उलटा अँगल टाकायचा आणि त्याच्यावर ढकलायचं, दोन पोरं सहज ढकलतात. पैसे घुमटाच्या निम्म्याहून कमी.

सरकवायचं कुठल्या दिशेला यावर मी एकदा तोंडावर पडलोय. तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच नकाशांत छप्पर उत्तरेला सरकतं. पहिलं छप्पर मी तसंच केलं. तिकडं ध्रुवतारा ४० अंशांवर असतो, सरकलेल्या छपराच्या वरनं आरामात दिसतो. आपल्याकडं सांगलीत तो १७ अंशांच्या आतबाहेर, साताऱ्यात पावणेअठरा. हात लांब करून वीत ताणून धरली तर वीतभर पण नाही क्षितिजापासून. माझं छप्पर सरकलं आणि बरोब्बर ध्रुवाच्या तोंडावर जाऊन बसलं, आणि माउंट लावताना पहिल्यांदा लागतो तोच तारा! दक्षिणेला सरकवावं तर अगस्ती झाकला जातो, आणि उन्हाळ्यात ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ, जो इथनं २५ अंश वर येतो आणि तो बघायला उत्तर युरोपातली माणसं विमानानं खाली येतात. राहिलं पूर्व आणि पश्चिम. आम्ही पूर्वेला सरकवतो. उगवणारं काय, थोडा वेळ थांबलं की वर येतंय. मावळणारं थांबत नाही.

आणि हुक. छपराला खालनं पकडून ठेवणारे हुक चारी बाजूंना, रोज न चुकता लावायचे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरला साधारण ४५ किलोचा रेटा देतो, दहा बाय बाराचं छप्पर म्हणजे ११ चौरस मीटर, हिशेब करा, पाचशे किलो. छप्पर अडीचशे-तीनशे किलोचं. माझं एक छप्पर मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी उठलं आणि शेजारच्या उसात जाऊन पडलं, नशीब रात्रीची वेळ होती आणि रानात कुणी नव्हतं. ऊसवाल्यानं नुकसानभरपाई घेतली आणि वर पत्रा पण ठेवून घेतला, त्याच्या गोठ्यावर आहे अजून.

आता "इम्पोर्टेड का नाही" या प्रश्नाकडं येतो कारण तो प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. घ्या की इम्पोर्टेड, काही वाईट नसतं, दुर्बीण आणि आयपीस तर मी स्वतः तैवान-चीनच्याच घ्या म्हणतो, त्या किमतीत तशी काच आपण नाही देऊ शकत. पण माउंट घेताना ते कुठल्या अक्षांशासाठी बनलंय बघा. ध्रुवाकडं रोखलेला अक्ष आपल्याकडं जवळजवळ आडवा पडतो, १७ अंशच, आणि काही माउंटचं दुर्बिणीला तोल देणारं वजनाचं दांडकं फिरताना तिवईच्या पायाला जाऊन आपटतं, मोटर चालूच राहती आणि दात घासतात. म्हणून आम्ही खांबाची वरची प्लेट उत्तरेकडं पुढं काढतो, दांडकं मोकळं फिरतं. असली गोष्ट कॅटलॉगमध्ये नसती.

आणि माउंटचं काम किती बारीक असतं ते एकदा येऊन बघा. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंदांनी सरकतं. दुर्बीण फिरवणारं दात्यांचं चाक म्हणजे वर्म व्हील, आणि त्याला फिरवणारा आट्यांचा दांडा म्हणजे वर्म. व्हील २०० मिलिमीटर व्यासाचं असंल तर त्याच्या कडेवर एक आर्कसेकंद म्हणजे अर्धा मायक्रॉन, केसाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी. ३६० दात असतील तर वर्मचा एक फेरा चार मिनिटांना साधारण ०.७ सेकंद कमी, आणि वर्म जरा जरी वाकडा असंल तर दर चार मिनिटांनी तारा तीच एक गिरकी घेतो, घड्याळ लावून बघा. आमचा फिटर आणि मी, आम्ही दोघं मिळून व्हील आणि वर्म एकमेकांवर बारीक पावडर लावून तासन् तास फिरवत बसतो, दात एकमेकांना ओळखायला लागेपर्यंत. कंट्रोलरचं सर्किट आणि प्रोग्राम आम्ही नाही शोधला, ऑनस्टेप म्हणून जगभरातल्या हौशी लोकांनी वाढवलेला फुकट प्रोग्राम आहे तोच वापरतो आणि तसं गिऱ्हाइकाला सांगतो. मला एका सचिवसाहेबांनी विचारलं होतं, असलं काय सांगलीत बनतं होय? अहो, कुंडलच्या माळावर १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथं लोखंडाचे नांगर बनले, तेव्हा पण लोकांनी हाच प्रश्न विचारला असणार.

दुर्बिणीचं मी कमी बोलतो कारण त्यात माझा धंदा नाही, पण खोक्यावर "५०० पट" लिहिलेलं बघून घेऊ नका एवढं ऐका. भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दुप्पट, ही हद्द झाली, ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतनं १२० पटीच्या वर नुसतं धुकं दिसतं. आणि तीन कोटेशनचा नियम मला कळतो, सरकारी पैसा आहे, पण तीनपैकी दोन कोटेशन "तुम्हीच कुणाकडनं तरी आणून द्या की" असं मला सांगू नका, लाज वाटते. पैसे अगदीच कमी असतील तर माझ्याकडं येऊच नका, आठ इंची डॉबसोनियन घ्या. जॉन डॉबसन म्हणून अमेरिकेत एक अवलिया होता, प्लायवूडच्या खोक्यात आरशाची दुर्बीण बसवून सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा, ती रचना त्याच्या नावानं चालती. मोटर नाही, काही नाही, हातानं ढकलायची. २०० पटीला शनी एका मिनिटात नजरेआड जातो, मग पुढच्या पोरानं परत शोधायचा, त्यातच पोरं शिकतात. अशी दुर्बीण वर्गाच्या कपाटात राहती, तिला वेधशाळा लागत नाही. ती दोन वर्षं वापरलीत आणि मग म्हणालात की आता रोज उचलून पाठ दुखती, तर मला फोन करा. तो फोन आला की मला कळतं हे काम टिकणार.

एवढ्यात एक विनंती घालतो, ती फुकट होणारी आहे. ग्राउंडवरचा हायमास्ट. मोठ्या मनानं कुणीतरी निधी देतं आणि दुधासारखे पांढरेफेक एलईडी चारी दिशांना आडवे फेकणारे बसतात, निम्मा उजेड ढगांना. पांढऱ्या दिव्यात निळा भाग जास्त आणि निळा हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं, म्हणून सगळं आकाश दुधाळ होतं. दिवे काढा म्हणत नाही, मुलीबाळी येतात-जातात. तोंड खाली करा, वर टोपण लावा, पुढच्या वेळी ३००० केल्विनचे किंवा त्याखालचे पिवळसर मागवा, आणि त्या कोपऱ्यातल्या दिव्याला वेगळं बटण द्या. आपल्याच राज्यात पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश जपणारी जागा, झालं, तिथं पण दिवेच नीट केले. आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या शाळांनो, तुम्ही दुष्काळी म्हणून रडता ते बरोबर आहे पण ढग नसलेल्या रात्री तुमच्याकडंच जास्त, महाबळेश्वरवाल्यांना विचारा धुकं म्हणजे काय.

पावसाळ्याचं विसरू नका. जून ते सप्टेंबर आपलं दुकान बंद. ७ सप्टेंबर २०२५ ला चंद्राला खग्रास ग्रहण लागलं, रविवार होता, आम्ही सगळे जागे होतो आणि सांगलीत ढग बघत बसलो. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडं खंडग्रास दिसणारं सूर्यग्रहण आहे, महिना ऑगस्ट, तेव्हा फार स्वप्नं बघू नका. मे संपला की दुर्बीण काढा, कपाटात ठेवा, आत सिलिका जेल किंवा पंधरा वॅटचा साधा बल्ब चालू, आत ओल राहिली नाही की बुरशी धरत नाही. माउंटला ग्रीस, छपराला हुक, आणि दसऱ्याला शस्त्रपूजनाबरोबर हे पण बाहेर काढा. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या एका हौशी मित्राची दुर्बीण माळ्यावर होती म्हणून वाचली, माउंट खाली होतं, ते आमच्याकडं आलं तेव्हा त्याच्या गिअरमधनं कृष्णेचा गाळ चमच्यानं काढला. चालतंय अजून.

पैशाचं एकच, काम झाल्यावर दहा टक्के दोन वर्षं अडकवून ठेवता ते ठेवा, पण मग त्या दोन वर्षांत महिन्यातनं एकदा तरी कुलूप उघडा, म्हणजे काय बिघडलं ते मला वेळेत कळंल.

तर ज्यांनी सहा फोन केले त्यांना आणि ज्यांचे यायचेत त्यांना, कोटेशन मी पाठवतो, पण त्याआधी एका शनिवारी संध्याकाळी वर्कशॉपवर या. मागं रिकाम्या प्लॉटवर आठ इंची डॉबसोनियन लावून ठेवतो, चहा-भडंग माझ्याकडनं. पौर्णिमेच्या जवळचा शनिवार नको, शुद्ध अष्टमीच्या आसपासचा बघा, चंद्रावरचे खड्डे तेव्हा उजेड-अंधाराच्या कडेला उठून दिसतात. फोन रात्री आठनंतर करा, दिवसा लेथ चालू असतो, ऐकू येत नाही. आणि अध्यक्षसाहेब नाही आले तरी चालंल, ज्याच्याकडं किल्ली राहणार आहे त्याला पाठवा.

आपला,
मिरजेचा घुमटवाला